जपानी गडासाठी चौदा मजले

मित्रहो, पुढील महिन्यात आम्ही सहकुटुंब जपानला जाणार आहोत. तेथे एका डोंगरमाथ्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि तेथवर दीड तास चढून जावे लागते. चिरंजीवांचे म्हणणे असे, की मी पायथ्याशी चहा पीत बसावे. माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. तरीही हा सल्ला मला मान्य नव्हता.

कुवेतमध्ये डोंगर कोठून आणणार? म्हणून फहाहीलमधील आमच्या इमारतीचा जिना हाच गड ठरला. पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन, कोठेही न बसता, चौदा मजले चढायचे, अशी चिरंजीवांची अट होती. आज सकाळी ती परीक्षा झाली. नात ईरा परीक्षक म्हणून मागोमाग येत होती.

सातव्या मजल्यावर जोशीबाईंनी दार उघडले. "काका, लिफ्ट बंद आहे का? या, गरम पोहे झालेत!"

"नो सिटिंग, आजोबा!" ईरा ओरडली.

मी पोहे उभ्यानेच खाल्ले. अटीत खाण्यास मनाई नव्हती.

गच्चीवर चिरंजीव वाट पाहत होते. अर्थात, लिफ्टने आलेले. "अण्णा, जिंकलात!" ते म्हणाले.

ईराने तांदळाची पिशवी त्यांच्या पाठीवर अडकवली. "नाऊ यू, बाबा."

चिरंजीव खाली गेले आणि जिना चढू लागले. चौथ्या मजल्यावरून त्यांचा फोन आला, "अण्णा, पायथ्याशी चहा बरा मिळतो का हो?"

मंडळी, या सपाट देशात तुम्ही चढाचा सराव कोठे करता, ते अवश्य कळवावे. चिरंजीवांच्या हाती अजून तीन आठवडे आहेत.