अप्पांनी सोडलेल्या गोष्टी

सकाळी अंगणात पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा अजितचा फोन आला. "डॉक्टरकाका, अप्पांची समाधी झाली. सव्वासहाला. शेवटपर्यंत भान होतं... ओठ हलत होते, मंत्र चालला होता." मी विचारलं, "त्रास?" तो म्हणाला, "न्हाई काका. कायबी न्हाई." बातमी अनपेक्षित नव्हती. गेला महिनाभर तिचीच धास्ती घेऊन जगत होतो आणि तरीही फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा चिडलो. कुणावर, ते आजही सांगता येणार नाही. चिडतच कपडे बदलले, चिडतच साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची एसटी पकडली आणि शेजारच्या माणसाशी खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडलोसुद्धा. कराड मागे पडल्यावर मात्र रडू फुटलं. त्या बिचाऱ्यानं उठून खिडकीची जागाच मला देऊन टाकली.

भूपालअप्पा म्हणजे अजितचे वडील, कृष्णाकाठच्या एका गावातले जैन शेतकरी. ऊस, हळद, दोन म्हशी आणि बोलणं अगदी मोजकं. मी जनावरांचा डॉक्टर. घर साताऱ्याचं, चुलते-भाऊ सगळे फौजेत, आणि रविवारी आमच्याकडून मटणाचा वास आला नाही तर घरात कुणी आजारी आहे का, असं शेजारी विचारायचे. नोकरी लागली ती नेमकी अप्पांच्या गावच्या दवाखान्यात. रुजू होऊन महिना झाला नसेल, तोच त्यांचा मन्या नावाचा म्हातारा बैल ओढ्यात घसरला. मागच्या मांडीचं हाड मोडलेलं. पुन्हा उभा राहणं शक्य नव्हतं. मी शिकलो होतो तेच सांगितलं, की हाल होण्यापेक्षा एक इंजेक्शन देतो, दोन मिनिटांत सुटेल. अप्पा त्याच्या मानेवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "दुखायचं थांबवायची सुई असंल तर द्या, डॉक्टर. जीव थांबवायची नको." काय आडमुठा माणूस आहे, असं मनात म्हणत मी दुखण्यावरची सुई दिली.

चौथ्या दिवशी बैलानं वैरण सोडली. मी बांबूचं नळकांडं मागवलं, पेज पाजली तर ताकद राहील म्हणून. ते त्याच्या जबड्यात सारणार, तेवढ्यात अप्पांनी माझं मनगट धरलं. "आवं, त्यानं तोंड फिरवलंय. आता त्याचं ऐकूया." मी ओरडलोच, "मारू देत नाही, जगवू देत नाही, मग तुमचं म्हणणं तरी काय?" तीन दिवस ते गोठ्यात पोतं अंथरून बसले. माश्या वारल्या, कूस बदलून दिली, पाण्याचं घमेलं तोंडापाशी धरून ठेवलं, पण एक घोट बळं पाजला नाही. मन्या दुपारी गेला. इतक्या निवांतपणे मेलेलं जनावर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते कबूल करायला मात्र मला फार वर्षं लागली, आणि त्या वेळी तर मी अप्पांशी सहा महिने धड बोललो नाही.

बोलायला लागलो तो पाण्यामुळं. त्यांच्या घरी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायची रीत. तशी ती सगळ्याच जैन घरांत असते, त्यात नवल नाही. पण एकदा म्हैस तपासायला गेलो असताना मी पुढचं पाहिलं. गाळून झाल्यावर अप्पांनी ते फडकं उलटं करून थोड्या पाण्यात धुतलं, ते धुवण बादलीत घेतलं आणि बादली दोरानं हळूहळू, थेट पाण्याला टेकेपर्यंत विहिरीत सोडली. मग दोराला एक हलका हिसका. फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव जिथले तिथं परत. मी चेष्टेनं म्हटलं, "अप्पा, वरनंच ओता की. त्यांना पोहता येतं." ते म्हणाले, "पवायला येतं, पर पंचवीस फुटावरनं उडी मारता का, म्हणून इचारलंय कुणी त्यास्नी?" मी हसलो, तेही हसले, आणि तिथून पुढं आमचं जमलं ते जमलंच. मी निवृत्त होऊन साताऱ्याला परतल्यावर ते वर्षातून दोनदा यायचे. येताना स्वतःचं गाळणं घेऊन यायचे. आमच्या परसात जुना आड आहे. त्यातलं पाणी काढायचं, गाळायचं, धुवण परत सोडायचं. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हावं म्हणून आमची ही चार वाजताच चूल पेटवायची आणि मला म्हणायची, "बघा, पाहुणा असावा तर असा, रात्रीची भांडी नाहीत."

गेल्या वर्षी त्यांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. घास उतरेना, पातळ तेवढं जाई. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटात नळी बसवू, तिच्यातून अन्न देऊ. अप्पांनी एवढंच विचारलं, "त्यानं बरा हुईन का?" डॉक्टर खरे माणूस होते. म्हणाले, "बरं नाही होणार. काही महिने वाढतील." अप्पांनी हात जोडले आणि घरी आले. त्यानंतर त्यांनी सल्लेखना घ्यायची ठरवली. मरण समोर आहे आणि इलाज उरलेला नाही, अशा वेळी गुरूंच्या, म्हणजे मुनिमहाराजांच्या, परवानगीनं खाणंपिणं एकेक करून सोडत जायचं, असं हे व्रत. ते कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी तावातावानं गावात हजर. "अप्पा, याला आत्महत्या म्हणतात." ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. "रागानं न्हाईतर भ्यानं मरत्यात, त्याला तसं म्हंत्यात. मला कुणाचा राग हाय व्हय?" "मग इच्छामरण म्हणा." त्यांनी मान हलवली. "ते बी न्हाई. जगायची इच्छा धरली तरी दोष, आन मरान लौकर यावं म्हणून इच्छा धरली तरी दोष." मग उशी सरकवत, "दुसरंच लय अवघड हाय, डॉक्टर. दुखाय लागलं की वाटतं, आता यावं..." मी तरी कुठला ऐकतो! म्हटलं, तुमचं ठीक आहे, पण उद्या एखाद्या घरात म्हातारं नकोसं झालं म्हणून त्याला असंच पुण्याचं सांगून उपाशी ठेवलं तर? वाटलं होतं, आता अडकले. ते म्हणाले, "ते भ्या हायच की. म्हणून तर महाराजांनी मला तीनदा माघारी लावलं. अजितला, सूनबाईला येगयेगळं बसवून इचारलं." त्यांनी माझी शंका उडवून लावली नाही.

मी तिथंच राहिलो. पहारा करायला म्हणा. आधी धान्य गेलं, मग दूध, मग ताक. मग फक्त उकळून गाळलेलं पाणी, तेही दिवसातून एकदा. गावाला उत्साह आला. कुणी मांडव घालायचं म्हणालं, कुणी फोटोचा फ्लेक्स लावायचं. अप्पा म्हणाले, "मी काय निवडणुकीला हुबा हाय व्हय रं?" फ्लेक्स बारगळला. सून पद्मजा मात्र स्वयंपाक करताना रडायची, आणि घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. तेव्हा अप्पांनी सगळ्यांची पानं स्वतःच्या खोलीत मांडायला लावली. "हितं बसून जेवायचं. वांगी कशी झाल्यात सांगा मला." आम्ही जेवलो. ते बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत भूक शोधून शोधून मी थकलो... ती नव्हतीच. होतं ते कौतुक, पोरं जेवताना बापाच्या डोळ्यांत असतं तसलं. मी आयुष्यभर उपाशी जनावरं पाहिली आहेत, भुकेला डोळा मला लांबून ओळखता येतो. त्या दिवशी मी भातावर हात ठेवून नुसता बसून राहिलो.

आणि तरीही मी जे केलं ते केलं. दुसऱ्या दिवशी त्यांची नाडी बघितली, फार मंद लागली. माझ्या बॅगेत जुलाबावरची मीठ-साखरेची पुडी होती. पाण्याच्या वेळेला पद्मजानं पेला भरून ठेवला, ती वळली, आणि मी अर्धी पुडी त्यात ओतून बोटानं ढवळली. त्यांना पाण्याशिवाय सगळ्याचा त्याग होता हे मला पक्कं ठाऊक होतं. अप्पांनी पहिला घोट घेतला. थांबले. पेला खाली ठेवला. खोलीत कुणाला काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं मात्र, आणि कोपऱ्यात उभं केलेल्या पोरासारखा मी जमिनीकडं बघत राहिलो. "आज पानी पुरं झालं," एवढंच ते अजितला म्हणाले. म्हणजे माझ्या पुडीपायी त्यांचं त्या दिवसाचं पाणीही गेलं. मन्याच्या जबड्यात घालायचं राहिलेलं नळकांडं इतक्या वर्षांनी मी त्याच्या मालकाच्या तोंडाला लावलं होतं.

दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मी माफी मागणार, तेवढ्यात त्यांनीच हात जोडले. "डॉक्टर, मन्याच्या वक्ताला तुमास्नी लय वाईट वाटलं व्हतं. नवीन मानूस, भल्यापायी सांगत व्हता, आन मी चार माणसांत तुमचा हात धरला. ते मनात हाय माझ्या. क्षमा करा." सकाळची चूक माझी होती आणि हा माणूस चाळीस वर्षांपूर्वीची आपली शोधून काढून माझ्यापुढं ठेवत होता. मी एवढंच म्हणू शकलो, "अप्पा, पुडी..." त्यांनी हातानंच थांबवलं. "माया हाय ती. माया काय विष न्हवं. पर तुमी आता घरी जावा. तुमी समोर बसला की मला तुमचीच काळजी लागती, कसं हुईल ह्या मानसाचं म्हणून. आन ती काळजी बी सोडायची ऱ्हायलीया माझी." मी त्यांच्या पायाला हात लावला. वयानं मोठे होते तरी आजवर कधी लावला नव्हता. संध्याकाळच्या एसटीनं साताऱ्याला आलो आणि वाटेत केव्हातरी उमगलं, की धान्य, दूध, ताक यांच्या रांगेत मीही होतो. शेवटचा होतो, बहुतेक. मला सोडलं आणि चौथ्या सकाळी ते गेले.

मरणाचा हक्क असावा की नसावा, यावर लोक वाद घालतात. तो कोर्टापर्यंत गेलेला वाद आहे, आणि घालणारे माझ्याहून शहाणे आहेत. मी नोकरीत असताना कितीतरी जनावरांना शेवटची सुई दिली, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, आणि उद्या माझ्यावर वेळ आली तर मी नळी लावून घेईन की नाही, हेही छातीठोकपणे सांगवत नाही. अप्पांसारखं मला जमणार नाही, एवढं नक्की. मी फार तर असं सांगेन, की मी एका माणसाला दिव्याची वात उतरवावी तसं स्वतःला हळूहळू उतरवताना पाहिलं, आणि उतरवताना आजूबाजूच्या कुणालाही धक्का लागू नये याची काळजी घेताना पाहिलं. दोराला बांधलेली बादली थेट पाण्याला टेकेपर्यंत सोडायची सवय त्या हातांना होतीच.

मागच्या खेपेला येताना आणलेलं त्यांचं गाळणं आमच्या परसातल्या दोरीवरच राहून गेलं होतं. परत पाठवायचं राहिलं, आणि आता कुणाला पाठवायचं? परवा मी आडातून बादलीभर पाणी काढलं, ते दुहेरी फडकं कळशीच्या तोंडावर बांधलं आणि गाळलं. फडकं उलटून धुतलं. धुवणाची बादली खाली सोडताना निम्म्यातच हात कंटाळला, पण टेकेपर्यंत सोडली. मग पायरीवर बसून एक पेला पाणी प्यालो. नुसतं पाणी. त्यात मी काहीही घातलं नव्हतं.