दिघाशीत राबाच्या राखणीला

थंडी सरून उन्हाळा लागतो ते पंधरा दिवस मला कधीच सोसत नाहीत. झोप उडते, जेवण जात नाही. आई गेल्यापासून तर या दिवसांत मी लेकीवर उगाच खेकसते. यंदा ती म्हणाली, "आई, मी काही केलंय का?" फोनवर माइंडफुलनेसचं ॲप होतंच. ते घेऊन दोन दिवस मामाकडे, दिघाशीला जायचं ठरवलं.

ठाण्याहून निघालात तर सातच्या आत कशेळीचा पूल ओलांडा, नाहीतर गोदामांच्या ट्रकमागे तुमची सगळी शांती संपेल. माझी संपली. कानात ॲपमधली बाई सांगत होती, खोल श्वास घ्या, आणि रिक्षावाला म्हणत होता, "मॅडम, नाक बांधून घ्या, धूल बहुत हाय." मी रिक्षावाल्याचं ऐकलं.

भिवंडी स्टँडवर चहा प्यायले. मागच्या गल्लीतून पॉवरलूमचा खडखडाट तसाच येत होता. लहानपणी इथेच आईचा हात धरून एसटीची वाट बघायचे. त्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, मग ती नुसता हात दाबायची. फार आठवण आली. वाड्याला जाणाऱ्या एसटीने आंबाडीला उतरा, पुढे शेअर रिक्षा मिळते. भिवंडीपासून शंभर रुपयांच्या आत पोचता. मामीने तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली आणि मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे राब भाजायचा होता. जिथे पुढे भाताची रोपं करायची, त्या तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरून वर माती टाकतात आणि पेटवतात. आग वाऱ्याच्या उलट दिशेने, मुंगीच्या पावलांनी जायला हवी, तरच जमीन नीट भाजते. मामाने मोठ्या विश्वासाने काडेपेटी माझ्या हातात दिली. म्हटलं, आधी मन स्थिर करू. डोळे मिटले, दहा श्वास मोजले आणि अगदी प्रसन्न चेहऱ्याने नेमक्या चुकीच्या टोकाला काडी लावली.

आग वाऱ्याबरोबर सुसाट पळाली. मामा हिरवी फांदी घेऊन धावला, मीही झोडपत सुटले. बांधावरची पेंढ्याची गंजी थोडक्यात वाचली. अर्धा राब नुसता वरवर जळला, खालची माती कच्चीच.

"डोलं मिटून बसलीस," मामा धापा टाकत म्हणाला, "मंग वारा कुनाला इचारलास?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं: झोप, चिडचिड, लेकीचा प्रश्न.

मामाने हातातली फांदी बांधावर टाकली आणि म्हणाला, "तुजी आय बी आशीच व्हती. थंडी सरली का तिचं मन जाग्यावर न्हाय राहायचं. आमाला समद्यांना ठावं व्हतं. मंग राबाची राखन तिलाच द्यायचो. आग बगत बसायची, कोन तिला बोलायचं न्हाय. चार दिसांनी आपसूक हसायची."

ठाण्याच्या आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दर फाल्गुनात ती गप्प व्हायची आणि मी समजायचे, माझं काहीतरी चुकलंय. शहाण्यासारखी वागायचे, पुढ्यात जायचे नाही.

उरलेला राब मामाने दुसऱ्या टोकाने पेटवला. मी डोळे उघडे ठेवून राखणीला बसले. गालावर वारा कुठून लागतो, धूर कुठे वळतो, एवढंच दुपारपर्यंत बघितलं. बरं वाटलं का? थोडं. पण मन अस्वस्थ आहे, हे पहिल्यांदाच न लाजता कबूल करता आलं.

ठाण्याला परतले तेव्हा केसांना धुराचा वास होता आणि झोप अजूनही नीट नाही. पण लेकीला जवळ घेऊन सांगितलं, "तुझं काही चुकलं नाही गं. ऋतू बदलताना मला असं होतं. थोडे दिवस लागतील."

"मग तोवर मी तुझ्याजवळ बसू?" तिने विचारलं.

हे मी माझ्या आईला एकदाही विचारलं नव्हतं.