बांधापलीकडचा मांगूर

राग आला की आक्कांचा आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागायचं. परभणीहून कंपनीत नोकरीला आलो, तेव्हा चाकणजवळ त्यांच्याच खोलीत मी भाड्यानं राहायचो. पहिल्याच आठवड्यात गाडी धुतली आणि साबणाचं पाणी त्यांच्या तळ्याकडं वाहू दिलं. आक्का जवळ येऊन कुजबुजल्या, "तिथं जीव राहत्यात." पुन्हा तसं करायची माझी हिंमत झाली नाही.

रोहू-कटला माशांचं ते तळं नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं सांभाळलं होतं. सकाळी ओंजळीत पाणी घेऊन आधी त्याचा वास घ्यायच्या, मग चहा.

बांधापलीकडं त्यांच्या धाकट्या दिराचं, दत्तूभावजींचं तळं. त्यांनी त्यात मांगूर सोडला. हा बंदी असलेला मासा चिकनच्या दुकानातली घाण खाऊन झपाट्यानं वाढतो, आणि नदीत शिरला तर बाकीचे मासे फस्त करतो. आक्का माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, "भावजी, काढून टाका हे. तळं फुटलं तर वढ्यातनं थेट इंद्रायणीत जातील."

"कंपन्यांचं पाणी नदीत जातंय, ते न्हाई दिसत कुणाला?" भावजी म्हणाले. "आणि वैनी, तुमच्या तळ्याची तरी नोंदणी कुठं हाय?"

ते खरं होतं.

भाद्रपदात पावसानं ठाण मांडलं. दुपारी शिफ्ट संपवून आलो तर आक्का बांधावर भिजत उभ्या. भावजींच्या तळ्याच्या भिंतीतून काळं पाणी झिरपत होतं. भावजींनी मातीची पोती टाकली, "उघडंल आता," म्हणाले आणि घरात गेले. आक्का काहीतरी बोलल्या. पावसात मला ऐकूच आलं नाही.

"मासेवाल्या खात्याला फोन लाव म्हनलं."

"आक्का, ते आले तर तुमचंही तळं बघतील."

"बघू दे. लाव."

ओल्या बोटांनी मोबाइल चालेना. शर्टाला बोटं पुसत, भावजींच्या दाराकडं बघत मी नंबर लावला.

सकाळी अधिकारी, पोलीस आणि जेसीबी आले. भिंत कशीबशी तग धरून होती. मोठा खड्डा खणून सगळा मांगूर पुरला, भावजींवर गुन्हा दाखल झाला. मग साहेबांनी आक्कांना नोंदणीचं विचारलं. "न्हाई," आक्का सरळ म्हणाल्या. त्यांनाही नोटीस मिळाली आणि तळं रिकामं करावं लागलं.

"घरच्या माणसानं पोलीस आणलं," भावजी सगळ्या गावादेखत म्हणाले. आक्का घराकडं वळल्या. आत येऊन भिंतीला टेकल्या. "माझ्या हातचं खाऊन मोठं झालंय ते पोरगं," भावजींबद्दल एवढंच म्हणाल्या.

दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. भावजींच्या मुलीच्या लग्नाचा मांडव समोरच उभा राहिला, पण आक्कांना बोलावणं आलं नाही. हळदीची गाणी वाजत होती आणि त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर केली नाही.

पुढं त्यांना नोंदणी मिळाली. तळ्याचं पाणी ओढ्यात न सोडता शेताला द्यायचं, ही अट त्यांनी आनंदानं मानली. मी मोशीला घर घेतलं. सामान टेम्पोत चढवत होतो, तेव्हा आक्का तळ्यात उतरून बोटाएवढी पिल्लं सोडत होत्या. भावजी कधी बांधाशी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"पाणी किती घेतलं, वैनी?"

आक्कांचे हात थांबले. "कमरंएवढं. या की बघायला."

ते आले नाहीत, पण परतही गेले नाहीत. टेम्पो वळेपर्यंत मला ते तिथंच उभे दिसत होते, आणि आक्का पाठमोऱ्या, पदरानं चेहरा पुसताना.