बहिरा म्हणून छापलेला माणूस

अन्याय झाला तो वालूरच्या एका विहीर खोदणाऱ्या माणसावर. गेल्या वर्षी, पोळ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. करणारा मी. एरवी माझ्या पत्रकात या जागी ठेकेदाराचं नाव असतं, नाहीतर सरकारचं. या वेळी नाही.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. एकदा मोठ्या टायपात छापलं, तेवढं पुरे झालं. गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही मामाच म्हणायचो.

मामांना तुम्ही पाहिलं असेल, तर त्यांची एक सवय तुमच्याही ध्यानात असेल. कुठंही पाऊल टाकायचं, तर आधी टाचेनं दोनदा जमीन ठोकायची, मान जराशी तिरपी करायची आणि मग पुढं जायचं. देवळाच्या पायरीवर तेच, बँकेच्या फरशीवर तेच. कोणी हसलं की म्हणायचे, "इचारून घेतलेलं बरं. जिमीन काय आपल्या बापाची हाय?"

सवय धंद्याची होती. विहिरीत सुरुंग उडाला की कडेचे दगड खिळखिळे होतात. वरून सगळं घट्ट दिसतं. मग एकटा माणूस यारीच्या पाळण्यातून खाली जातो (यारी म्हणजे विहिरीतला दगड वर ओढणारं यंत्र) आणि पहारीनं एकेक दगड ठोकून बघतो. खणखणीत वाजला तर दगड बसलेला आहे. बद्द वाजला तर मागं पोकळ, तो पाडायचा. हा माणूस "या" म्हणत नाही तोवर बाकीचे गडी काठावर तंबाखू मळत बसतात. आमच्या भागात तो माणूस म्हणजे मामा. बायका नवऱ्याला विचारायच्या, "खाली मामा हायेत का?" असले, तरच डबा बांधून द्यायच्या.

मधली दोन-अडीच वर्षं मामा गावात नव्हते. एका मोठ्या शहराच्या पोटातून रेल्वे न्यायचं काम चाललं होतं. मुख्य बोगदा यंत्र पाडायचं. पण जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाडीच्या दोन बोगद्यांना जोडणाऱ्या आडव्या वाटा माणसांनीच फोडायच्या होत्या. सुरुंग, ड्रिल आणि पहार. पाषाण तिथंही इथल्यासारखाच काळा. ठेकेदाराचा माणूस विहिरीवाले हुडकत आमच्या जिल्ह्यापर्यंत आला आणि मामा त्याच्याबरोबर गेले.

"वर काय हाय म्हणून इंजिनेरला इचारलं, तर म्हणला कापडबाजार," मामा सांगायचे. "म्हणजे बगा, वर बायका लुगडी उलगडायल्यात, घासाघीस करायल्यात, अन बरोबर त्यांच्या पायाखाली आमी पहारी हाणायलोत. त्यायला पत्ता न्हाई!"

एका सुटीला मामा तो बाजार बघायला वर गेले. दुकानाच्या पायरीवर जरा टेकले, तर मालकानं हुसकलं. "म्हणला, ऊठ, गिऱ्हाईक यायलंय. म्या म्हणलं, शेटजी, जरा हळू बोला. तुमचं दुकान सध्या माझ्याच डोक्यावर हाय." आणि उठता उठता त्याचीच पायरी टाचेनं ठोकून पाहिली. "भरीव वाजली. म्हणलं, बसा बिनघोर."

मी परभणीत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून कामगारांची पत्रकं लिहितो. बोगद्यातून परत आलेली माणसं शोधत एसटीनं वालूरला गेलो, तेव्हा मामांची ओळख झाली. खांद्यावरची पिशवी बघून त्यांनी पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं. "या, कागदवाले. आज कुणाचं वाटोळं करायचं हाय?"

तिसऱ्या-चौथ्या भेटीत लक्षात आलं, की मामा मला कायम आपल्या उजव्या हाताला बसवतात. मामी चहा घेऊन डावीकडून आल्या तर वळसा घालून उजवीकडं जायच्या आणि मगच बोलायच्या. मी विचारलं.

"डावा कान तिकडंच ऱ्हायला," मामा म्हणाले. एसटीत छत्री राहिल्यासारखं म्हणाले. कोंडलेल्या जागेत दिवसभर ड्रिल चालायचं; कानात घालायचे बोळे कधी मिळायचे, कधी नाही. "उजवा चोख हाय. अन दगडाला कान कमी, हात जास्ती लागतोय. डावा तळवा दगडावर ठेवायचा अन उजव्या हातानं हाणायचं. पोकळ आसला की तळव्याला मुंग्या येत्यात." मग त्यांची नजर माझ्या वहीवर गेली. "हे मातर कागदावर नगं, कागदवाले. धुळीचं लिव्हा, बोळ्याचं लिव्हा, ठेकेदाराचं तर लय लिव्हा. कानाचं नगं."

"का पण, मामा?"

"माझ्या कानावर धा घरची माणसं विहिरीत उतरत्यात."

मी मान डोलावली. आणि ते शेवटचं वाक्य तेवढं सोडून बाकी सगळं, कानासकट, वहीत उतरवून घेतलं.

संघटनेत आम्हाला शिकवलेलं असं, की कामगार नको म्हणतो तेव्हा तो घाबरलेला असतो. त्याची भीती ओलांडून लिहायचं. मी हे पुढं इतरांनाही शिकवलं आहे. मामा घाबरलेले नव्हते. ते मला त्यांचा धंदा समजावून सांगत होते. पण धंदा समजून घ्यायला मी गेलोच नव्हतो. मला मथळा हवा होता, आणि तो जमत नव्हता. 'एका कानानं ऐकू येत नाही' यात जोर नव्हता. शेवटी लिहिलं: 'बोगद्यानं केलं बहिरं! ठेकेदार, जबाब दे!' खाली मामांचा फोटो, नाव, गाव. बोगद्यानं एक कान नेला होता, मी दोन्ही नेले. छापखान्यातून आलेलं पत्रक वाचताना मी स्वतःवर खूश होतो, हेही सांगून टाकतो.

बाजार भरला होता. भाजीच्या ओळीपासून बैलांच्या गोंड्या-घुंगरांच्या दुकानांपर्यंत मी पत्रकं वाटली. कर्ण्यावरून वाचूनही दाखवलं. माणसं थांबून ऐकत होती. मला वाटलं, पेटली! एक म्हातारी पत्रक घेऊन जवळ आली.

"वाचता येत न्हाई, बाबा. ह्यो आपला मामाच हाय ना? काय झालं त्याला?"

"आजी, बोगद्यानं बहिरं केलं त्यांना."

तिनं पदर तोंडाला लावला. "आगं बाई. माझा नातू हाय की त्याच्या हाताखाली!"

मी तिला आणखी एक पत्रक दिलं.

दिवाळीनंतर जवळच्याच एका शेतात नवी विहीर काढायला घेतली. पहिली पहार मारण्याआधी नारळ फोडतात. तो मान विहिरीत पहिला उतरणाऱ्याचा. मी त्याच पत्रकांचा उरलेला गठ्ठा घेऊन तिथं पोचलो होतो. शेताच्या मालकानं नारळ उचलला, मामांच्या पुढून नेला आणि पलीकडच्या एका तरण्या गड्याच्या हातात दिला. मामांचा हात पुढं झालेला होता. तो त्यांनी तसाच वर नेला आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

एक गडी त्यांच्या डाव्या बाजूला आला. खाली बघत म्हणाला, "मामा, राग नगा मानू. आई उतरू देईना."

मामांना ते ऐकूच आलं नाही. कोणी तरी काही बोललं एवढं कळलं असावं. हसत वळून म्हणाले, "काय म्हणलास रे?"

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. माझ्या पत्रकाला याहून मोठा पुरावा मिळाला नसता.

मी उजवीकडून गेलो. म्हणालो, "मामा, मी सांगतो त्यांना खरं काय ते."

"आता काय सांगता," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. तुमी चांगल्यासाठीच केलं आसंल."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती मामींनी दिली, दारातच. "तुला सांगितलं व्हतं ना त्यांनी, मुडद्या, कानाचं लिहू नगं म्हणून? ठेकेदाराच्या केसाला तरी धक्का लागला का तुझ्या कागदानं?" नव्हता लागला. ठेकेदाराला कुठलं आलंय सोयरसुतक!

मी मामांना परभणीच्या दवाखान्यात नेलं. उजवा कान चांगला आहे, असा डॉक्टरांचा कागद मिळाला. म्हणालो, हा छापू. मामांनी त्याची घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवली. "खोटा कागद लोकांनी एका दिवसात खरा मानला. आता खरा दाखिवला तर म्हणतील, पोटासाठी करायलाय."

तरीही छापायलाच हवा होता. संघटनेतले सोबती म्हणाले, आपणच आपलं पत्रक खोटं ठरवलं तर ठेकेदाराचं फावेल. मी ऐकलं. सहा महिने गप्प बसलो. गप्प बसणाऱ्यांवर पत्रकं लिहिणारा मी.

उन्हाळ्यात, विहिरींच्या ऐन हंगामात, धीर करून वालूरला गेलो. मामी एकट्याच होत्या. चहा विचारला नाही, पण बसू दिलं.

"मामा?"

"गेले."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? बोगद्यातच. आता दुसरं शहर हाय. तिथं कोन वाचतंय तुझा कागद." त्यांनी ज्वारीचं सूप पुढं ओढलं. मग सुपातनं मान वर न करता म्हणाल्या, "फोनवर आताशा एक गोष्ट दोनदा सांगावी लागायलीय."

आता तुम्ही. हे वाचणारे निम्मे तरी वालूर, पाथरी, पालमकडचेच असणार. मी सही मागत नाही, वर्गणी मागत नाही. मी खोटं लिहिलं होतं. तुम्ही ते खरं मानलंत आणि त्या माणसाच्या हातचं काम काढून घेतलंत. त्यांचा उजवा कान अजून पुरता गेलेला नाही. यंदा तुमच्या शिवारात विहीर निघणार असेल, तर मामींच्या दारी जा आणि तिथूनच त्यांना फोन लावायला सांगा. मोठ्यानं बोला. म्हणा, "मामा, परत या, आमच्या विहिरीत पहिलं तुमीच उतरायचं." ऐकू गेलं नाही तर पुन्हा म्हणा. आणि हंगामाची वाट बघू नका. आजच जा.