मान हलवायची नाही

आमच्या तापीकाठच्या गावात इंग्रजीचा वर्ग निघाला तेव्हा आम्ही अकरा विद्यार्थी होतो, आणि पहिला महिनाभर इंग्रजीतलं एकच वाक्य शिकलो: 'मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा.' मास्तर इंग्रजीत भरभर काहीतरी बोलत. न समजता जो मान हलवी, त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभं राहावं लागे. चुकीच्या उत्तराला छडी नव्हती. खोट्या होकाराला माफी नव्हती.

वडील वैतागले. "महिना व्हयना, एकच वाक्य? तुन्हा मास्तरले दुसरं येस का नही?"

 पुढे नोकरीत मोठमोठ्या सभांना बसलो. अगम्य भाषणाला डोलणारे तिथे पुष्कळ असत. पुन्हा सांगायला लावणारा बहुधा मी एकटाच, आणि लोक हसले की मला मास्तरांचा जास्तच अभिमान वाटे.

वर्गाच्या दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात शिक्षणखात्याचा गोरा साहेब आला. खरं तर तो सारंगखेड्याच्या जत्रेतले घोडे पाहायला निघाला होता. वाटेत आम्हालाही पाहून घेणार होता. शाळा कमिटीचे अध्यक्ष जरीचा फेटा बांधून पुढे बसले. त्यांना इंग्रजी येतं असा गावाचा समज होता आणि त्यांनी तो कधी मोडला नव्हता. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी ताकीद देऊन मास्तरांना भिंतीपाशी उभं केलं होतं.

साहेब बराच वेळ बोलला, मग त्याने काहीतरी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "येस सर." कमिटीचे बाकीचे फेटेही डोलले. मास्तरांचा चेहरा उतरला. साहेबाने लिहायला टाक उचलला. काहीतरी बिघडतंय एवढंच मला कळलं. मी उभा राहिलो आणि आमचं ते वाक्य म्हटलं.

साहेबाने सावकाश सांगितलं. मुलं थोडी आहेत. वर्ग बंद करू, ज्याला शिकायचं त्याने धुळ्याला जावं. गावाला मान्य आहे ना?

"नो सर," मी म्हणालो, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुढचं सांगितलं: धुळे लांब आहे, घरचे पाठवणार नाहीत, आमचं शिक्षण इथेच संपेल.

साहेबाने अध्यक्षांकडे पाहिलं. ते पुन्हा "येस सर" म्हणाले. मग त्याने टाक खाली ठेवला. वर्ग राहिला.

आठवड्याभरात अध्यक्ष गावभर सांगू लागले की वर्ग त्यांनीच वाचवला. आम्ही चिडून मास्तरांकडे गेलो. ते वह्या तपासत होते.

"सांगू द्या," ते म्हणाले. "आता वर्ग बंद करायची त्यांना चोरी झाली."