मारवेलाची गाठ

औरंगाबादेत निजामाच्या घोड्यांसाठी गवताची वखार होती. तिथले चाचा नुसत्या नजरेनं गवत घेत नसत. पेंढीत कोपरापर्यंत हात घालून काडीची गाठ चाचपायचे. “गाठीवर पांढऱ्या केसांचं कडं, तर मारवेल. केस नाय, तर कुसळी. घोड्याचं तोंड फाडती.”

शाळा सोडून परमुलखात आलेल्या मला त्यांनीच इथं चिकटवलं. तरी एका जहागीरदाराची गवताची गाडी मी भिऊन, हात न लावता आत घेतली. वर मारवेल, खाली नुसती कुसळी.

चाचांनी पेंढी माझ्या तोंडावर फेकली. “जहागीरदाराला घाबरला, घोड्याचं काय रं, हरामखोरा?”

कुसळी पाहून पागेच्या दारोग्यानं विचारलं, “गाडी कुणी घेतली?”

“मैंने!” चाचा गरजले.

त्यांना तिथंच काढून टाकलं. जाताना ते माझ्यावर खेकसले, “अब तो हाथ लगाके देखेगा ना?”