पहिल्याच बोलीला

मालवणच्या मासळीबाजारात कृष्णाबाईशी घासाघीस करायला सहसा कोणी धजत नसे. बांगड्याच्या वाट्याला हात लावून कोणी "जरा कमी करा" म्हटलं, की ती म्हणे, "समोर दर्या आसा. थंय फुकट गावतत!"

तिची लेक वर्षाली पिंगुळीच्या चित्रकथीच्या नादी लागलेली. लोककलांमध्ये एमए करायला तिला लंडनमध्येही प्रवेश मिळाला होता, पण तिथल्या राहण्याचा खर्च बघूनच तिने तो नाद सोडला आणि स्कॉटलंडचं एक विद्यापीठ धरलं. तरी कर्ज काढूनही फीचा चौथा हिस्सा कमी पडत होता.

"कमी करा म्हणून सांग त्यांका," कृष्णाबाई म्हणाली.

"आये, ता काय मासळीबाजार आसा?"

"विकणारो तो विकणारोच. तोंड उघड."

वर्षालीने लाजत लाजत मेल लिहिला आणि चौथ्या हिश्श्याची सवलत मागितली. आठवडाभरात उत्तर आलं. शिष्यवृत्ती मंजूर, मागितली तेवढी.

ती धावतच बाजारात आली. कृष्णाबाईने सुरमईवर उचललेला कोयता तसाच धरला.

"मागलंस तितकी दिल्यानी? एक शब्द न बोलता?"

"होय गो आये!"

कृष्णाबाईने कपाळाला हात लावला.

"मगे फसलंस, चेडवा! पयल्याच बोलीक हो म्हणतत, म्हणजे अर्ध्यार मागूक व्हया होता!"